वाचक विचारतात : सरकारी खर्चानं वकील खरंच मिळतो का?

मागच्या अंकात एका उत्तराच्या शेवटी मी सहज लिहून गेले होते, 'परवडत नसेल तर कायदा सेवा प्राधिकरणाकडं मोफत वकील मागा.' त्या एका ओळीवर जेवढी पत्रं आली, तेवढी वरच्या पानभर मजकुरावर आली नाहीत. खानापूर, निपाणी, वडगाव, थेट भालकीहूनसुद्धा. बहुतेकांचा सूर एकच : 'बाई, कागदावर सगळं असतंय, आमच्यापर्यंत कुठं पोचतंय?' बेळगावच्या कोर्टात वकिली करताना काही वर्षं मी स्वतः त्या मोफत वकिलांच्या यादीवर होते. त्यामुळं काउंटरच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. आजचं पान सगळं याच विषयाला देते. पत्रं छोटी केली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : वकीलताई, माझं माहेर खानापूर तालुक्यात जांबोटी भागात, सासर सीमेपलीकडं चंदगड तालुक्यात. नवऱ्यानं मारझोड करून बाहेर काढलं, तेव्हापासून मुलीला घेऊन माहेरीच आहे. गावातले म्हणतात, लग्न महाराष्ट्रात झालंय, केस तिकडंच घालावी लागणार, इथला फुकटचा वकील तुला देणार नाहीत. त्यातून बाबांच्या नावावर चार एकर आहे, म्हणजे गरिबातही धरणार नाहीत. खरं काय ते सांगा.

उत्तर : ताई, गावातल्यांची दोन्ही म्हणणी खोटी आहेत.

आधी चार एकरांचं बघू. मोफत वकील कुणाला मिळतो हे १९८७ च्या कायदा सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमात दिलंय. अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, कोठडीतले लोक, पूर-दुष्काळात सापडलेले, कारखान्यातले कामगार अशी ती यादी आहे, आणि त्यात 'स्त्री किंवा मूल' असंही सरळ लिहिलंय. त्याला उत्पन्नाची अट नाही. बाबांचे चार एकर असोत की चाळीस, तुमची स्वतःची नोकरी असती तरीही, बाई म्हणून तुमचा हक्क तेवढाच. काउंटरवर कुणी उत्पन्नाचा दाखला मागितला तर वाद घालू नका. एवढंच म्हणा, 'मी स्त्री म्हणून अर्ज करतेय, उत्पन्नावर नाही.' बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

आता केस कुठं घालायची ते. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याच्या २७ व्या कलमाप्रमाणं बाई कायमची किंवा तात्पुरती जिथं राहते, तिथल्या मॅजिस्ट्रेटकडं अर्ज चालतो. तुम्ही माहेरी राहता, म्हणजे खानापूरचं कोर्ट झालं. पोटगीचंही तसंच. फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पूर्वीचं १२५ कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालंय, आणि बायको राहते त्या जिल्ह्यात तो अर्ज करता येतो. मारझोड सीमेच्या पलीकडं झाली, म्हणून तुम्हाला पलीकडंच जायला हवं असं नाही.

खानापूरच्या कोर्टाच्या आवारात तालुका कायदा सेवा समिती आहे. पाटी कन्नडमध्ये असेल : 'तालूकु कानूनु सेवा समिती'. शिपायाला नुसतं 'लीगल एड कुठं?' विचारलंत तरी बोट दाखवील. या समितीचे अध्यक्ष त्या कोर्टातले ज्येष्ठ न्यायाधीशच असतात, म्हणजे ही कुणा संस्थेची मेहरबानी नव्हे. फॉर्म भरायला पीएलव्ही म्हणून स्वयंसेवक असतात. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलंही घेतात, नियमातच तशी सोय आहे. अर्जावर सात दिवसांच्या आत निर्णय द्यायचा असतो. अर्ज दिल्याची पोच, तारीख आणि शिक्क्यासह, तिथल्या तिथं मागून घ्या. बसचा खर्च नाहीच, कर्नाटक सरकारच्या 'शक्ती' योजनेत बायकांना तिकीट लागत नाही. फक्त कर्नाटकातला पत्ता असलेलं आधार जवळ ठेवा. लग्नानंतर पत्ता चंदगडचा करून घेतला असेल तर कंडक्टर तिकीट फाडणार, आणि तो पत्ता कोर्टातही आडवा येईल. मुलगी माहेरच्या गावच्या शाळेत जात असेल तर तिचा शाळेचा दाखला घ्या. तुम्ही कुठं राहता हे सांगायला माझ्या मते त्याहून चांगला कागद नाही. लग्नपत्रिका, लग्नातला एखादा फोटो, दवाखान्यात गेला असाल तर तो केसपेपर, हेही पिशवीत टाका.

आणखी एक दार आहे. अंगणवाड्या बघणारे सीडीपीओ साहेब किंवा मॅडम हेच घरगुती हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारीही असतात. ते तुमचा घटना-अहवाल लिहून मॅजिस्ट्रेटकडं पाठवतात, आणि तुम्हाला मोफत वकील मिळतोय ना हे बघणं कायद्यानंच त्यांच्यावर टाकलंय. गावच्या अंगणवाडीताईंना विचारा, त्यांना ऑफिस माहीत असतं.

अर्ज आल्यावर पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असं कायदा म्हणतो. साठ दिवसांत निकाल लागलेला मी क्वचितच पाहिलाय. म्हणून वकिलाला पहिल्याच दिवशी सांगा की मुख्य अर्जाबरोबर अंतरिम पोटगीचाही अर्ज द्या. मुलीची फी आणि दूध निकालासाठी थांबत नाही.

मधल्या काळात नवऱ्यानं तिकडच्या कोर्टात घटस्फोटाचा दावा घातला आणि नोटीस आली, तर 'आमची केस खानापुरात आहे' म्हणून ती फेकून देऊ नका. न गेल्यास एकतर्फी हुकूमनामा होतो. बाई म्हणून महाराष्ट्रातही तुम्हाला मोफत वकील मिळतो. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात दावा वळवायचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाचा आहे. दिल्लीला जायला नको, तिथल्या कायदा सेवा समितीकडं बेळगावच्या जिल्हा प्राधिकरणामार्फत अर्ज जातो.

प्रश्न : आमचा वाटणीचा दावा निपाणीच्या कोर्टात फेटाळला गेला. आता कोल्हापूरला हायकोर्ट आलंय, आम्हाला तासाभराचा रस्ता. अपील तिथं करून तिथलाच मोफत वकील मिळेल का? आमचं धारवाडचं हायकोर्ट लांब पडतं. आमचे कागद सगळे मराठीत, एक वाटणीपत्र मोडीत आहे, आणि भाषांतराला बराच खर्च सांगितलाय. जात मराठा, तीन एकर तंबाखू-सोयाबीन.

उत्तर : काका, कोल्हापूरचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं, तेव्हापासून सीमाभागातून हा प्रश्न मला रस्त्यातसुद्धा विचारतात. ते मुंबई उच्च न्यायालयाचं बेंच आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग एवढ्या सहा जिल्ह्यांपुरतं. निपाणी कर्नाटकात, म्हणून निपाणीची जमीन आणि निपाणीच्या कोर्टाचा निकाल तिथं चालणार नाही, मग रस्ता कितीही जवळचा असो. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल, तुमच्या अपिलाची मुदत मात्र निकालाच्या दिवसापासूनच धावतेय.

आणि ही मुदत हीच तुमची पहिली काळजी. जिल्ह्यातल्या वरच्या कोर्टात अपील करायला ३० दिवस, हायकोर्टात ९० दिवस. तुमचा निकाल खालच्या दिवाणी न्यायाधीशांचा असेल तर पहिलं अपील बहुधा जिल्ह्यातच होईल, धारवाड लागणारच नाही. निकालाची नक्कल मिळवायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात, पण नकलेचा अर्ज केला असेल तरच. म्हणून आजच नकलेचा अर्ज टाका. मोफत वकिलाचा अर्ज केलाय म्हणून मुदत थांबत नाही. या गैरसमजापायी चांगली अपिलं मुदतीबाहेर गेलेली मी पाहिली आहेत. अर्जावरच लाल शाईनं 'अपिलाची मुदत अमुक तारखेला संपते' असं लिहा. काम पटापट हलतं.

तुमचा हक्क उत्पन्नावर ठरेल. कर्नाटकात वर्षाला तीन लाखांच्या आतलं उत्पन्न असावं लागतं. जात इथं फक्त अनुसूचित जाती-जमातीसाठी बघतात. मराठा, लिंगायत, कुरुबर, जैन, सगळ्यांना तीन लाखांचीच रेघ. नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक ऑफिसातून, उत्पन्नाचा दाखला काढा. तो यायला वेळ लागणार असेल तर उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्या. संशय घ्यायला कारण नसेल तर प्रतिज्ञापत्रही पुरेसं धरता येतं असं १३ व्या कलमात आहे. आणखी एक अट असते, दाव्यात वरकरणी तरी दम असावा लागतो. खालच्या कोर्टात हरलात म्हणजे दम नाही असं नव्हे, पण निकालात नेमकं काय चुकलं हे दोन ओळींत सांगता यायला हवं.

भाषांतराचं मात्र तुम्ही चांगलं विचारलंत, कारण हे फार थोड्यांना माहीत असतं. मोफत कायदा सेवा म्हणजे नुसता वकील नव्हे. कोर्ट फी, समन्सचा खर्च, नकला, टायपिंग आणि कागदांचं भाषांतर, हे सगळं त्यात येतं. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपला भाग मुंबई राज्यात. म्हणून आजोबा-पणजोबांच्या वेळची खरेदीपत्रं, फेरफार, वाटण्या मराठीत, आणि त्याहून जुन्या मोडीत. माझ्याकडं आलेलं एक वाटणीपत्र अजून डोळ्यांपुढं आहे. चार घड्या पडलेला स्टॅम्पपेपर, घडीवरची अक्षरं पार उडालेली, आणि नेमकी चतुःसीमा त्या घडीवर : पूर्वेस ओढा, पश्चिमेस कुणाचं तरी शेत, ते नाव गेलेलं. सगळा दावा त्या एका नावावर उभा होता. म्हणून अशा कागदाला लॅमिनेशन करू नका, लोक हौसेनं करतात. ऊन बघून भिंगातून त्याचे चांगले फोटो काढून घ्या. मोडी वाचणारी माणसं कमी आहेत, पण आहेत. अर्जात स्पष्ट लिहा की मोडी कागदाचं लिप्यंतर आणि मग कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर प्राधिकरणाच्या खर्चानं हवं. लिहिलंच नाही तर कुणी आपणहून देत नाही.

प्रश्न : मी वडगावात मागावर काम करते. घर खाली करण्याच्या दाव्यात मला लीगल एडचा वकील मिळाला. दर तारखेला झेरॉक्ससाठी म्हणून पाचशे घेतो. दोन तारखांना आलाच नाही. मी मराठीत सांगायला लागले की 'कन्नडमध्ये सांग' म्हणतो. मला बाजारापुरतं कन्नड येतं, कोर्टातलं नाही. फुकट म्हटल्यावर असंच चालायचं का?

उत्तर : नाही, असं चालायचं नाही. यादीवरच्या वकिलानं पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, झेरॉक्सच्या नावानंही नाही. त्याचं मानधन प्राधिकरण देतं. नियम २०१० सालचे आहेत आणि त्यात हे अगदी स्पष्ट आहे.

फोनवरून पैसे पाठवले असतील तर ते स्क्रीनशॉट ठेवा. रोख दिले असतील तर तारीख आणि रक्कम वहीत लिहा. मग जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथल्या सदस्य सचिवांच्या नावे साधा अर्ज करा. ते स्वतः न्यायाधीश असतात. वकिलाचं नाव, दाव्याचा नंबर, कोणत्या तारखांना आला नाही, किती पैसे घेतले, आणि शेवटी 'वकील बदलून मिळावा'. एवढ्या पाच ओळी. शिव्या नकोत, रडगाणं नको. वकील बदलून देता येतो, आणि मोफत वकिलांच्या कामावर लक्ष ठेवायला देखरेख समितीही असते. पुढची तारीख जवळ असेल तर कोर्टात स्वतः उभ्या राहा आणि न्यायाधीशांना सांगा की वकील बदलायचा अर्ज दिलाय, मुदत द्यावी. पक्षकारानं कोर्टात बोलू नये असा कुठं नियम नाही.

भाषेचं आता. बेळगावच्या बारमध्ये मराठी बोलणारे वकील काही थोडेथोडके नाहीत. तरी अर्जात लिहिल्याशिवाय कळणार कसं? 'मला मराठी समजते, मराठी जाणणारा वकील मिळावा' ही ओळ घाला. यादी मागून घेऊन तीमधलं एखादं नाव सुचवलंत तरी चालतं. मानायचं की नाही ते सचिव ठरवतील, सुचवायला बंदी नाही. आणि तुमची तक्रार मराठीत लिहिली म्हणून परत करायचा कुणाला अधिकार नाही. राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदानं राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. दाव्याचे कागद म्हणजे दावा, कैफियत वगैरे वेगळे, ते कोर्टाच्या भाषेतच जातात. पण सचिवांना द्यायची तक्रार हे गाऱ्हाणंच आहे.

आतली एक गोष्ट सांगते, पैसे मागणाऱ्याची बाजू घ्यायला नव्हे. या कामाचं मानधन थोडं असतं आणि हातात यायला उशीर होतो, ही देशभरातल्या यादीवरच्या वकिलांची जुनी तक्रार आहे. त्यामुळं हात बसलेले वकील हळूहळू यादीतून बाहेर पडतात आणि नवशिके राहतात. नवशिका म्हणजे वाईट असं मात्र नाही. त्यातले काही जण एकेका केसचा असा अभ्यास करतात की समोरचा जाडजूड वकील चाचपडतो. वाईट तो, ज्यानं यादीला पक्षकार गाठायची जागा केलीय. त्याला ओळखायची खूण सोपी : तो तुम्हाला ऑफिसबाहेर चहाला नेतो आणि तिथं आकडा सांगतो.

प्रश्न : माझा पुतण्या इंग्लंडात लेस्टरला असतो. तो म्हणतो, तिकडं सरकार लॉ फर्मना पैसे देतं आणि त्या गरिबांच्या केसेस लढवतात. बेळगावात अशा कुठल्या फर्म आहेत? नावं कळवावीत.

उत्तर : नावं कळवत नाही, कारण आपल्याकडं ती पद्धतच नाही. पुतण्या सांगतो ते खरंय. तिकडं १९४९ च्या कायद्यापासून ही व्यवस्था आहे, आणि आज इंग्लंड-वेल्समध्ये लीगल एड एजन्सी खासगी फर्मांशी करार करते. करार असलेली फर्मच ते काम घेते. पण त्याला हेही विचारा की २०१२ चा कायदा एप्रिल २०१३ पासून लागू झाल्यावर काय झालं. कर्ज, नोकरी, सरकारी भत्ते, नवरा-बायकोचे बहुतेक वाद यांतून सरकारी मदत जवळजवळ निघून गेली. उरलेल्या कामाचे दर वर्षानुवर्षं वाढले नाहीत, म्हणून फर्मांनी करार सोडले. तिथल्या वकिलांच्या लॉ सोसायटीनं नकाशे काढलेत. घरातून हाकलण्याच्या केसला सरकारी खर्चानं लढणारी एकही फर्म नाही असे मोठमोठे भाग त्यात दिसतात.

आपल्याकडं काम फर्मकडं जात नाही, एकेका वकिलाच्या नावानं जातं. फौजदारी आरोपींसाठी २०२२ पासून आणखी एक सोय झाली, तिच्याबद्दल पुढच्या उत्तरात. आपल्या व्यवस्थेचा दोष तिकडच्यापेक्षा वेगळा आहे. तिकडं जागा रिकामी असली की नकाशावर रिकामी दिसते. आपल्याकडं यादी नेहमी भरलेली असते, प्रत्येक तालुक्याला समिती असते, आणि तरी भीमगडच्या जंगलातल्या वाड्यांवरचा माणूस तिथवर पोचत नाही. पोचला तर पाटी वाचता येत नाही, आणि काउंटरवर 'उद्या या' म्हटलं की तो पुन्हा येत नाही, कारण त्याचा एक रोज बुडालेला असतो. हा तुटवडा कुठल्या तक्त्यात दिसत नाही.

आणि फर्मच्या पाट्या शोधू नका. बार कौन्सिलच्या नियमानं वकिलाला जाहिरातच करता येत नाही, तेव्हा 'मोफत केस लढवू' असा फलक लावलेला दिसला तर दहा पावलं लांब राहा. कोर्टाच्या गेटवर हात धरून 'लीगल एडमधून करून देतो, फक्त खर्चाचं बघा' म्हणणाऱ्यापासून वीस.

प्रश्न : आमचा पोरगा हिंडलग्याच्या जेलात आहे. मारामारीच्या केसमध्ये नाव घातलंय. पोलिसांनी कन्नड कागदावर सही घेतली, त्याला वाचता येत नाही. वकिलानं आधी पन्नास हजार ठेवा म्हटलं. मी सेंट्रिंगच्या कामाला जातो. आता काय करू?

उत्तर : दादा, पन्नास हजार कर्जानं उचलले नसतील तर उचलू नका. कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्न न बघता वकील मिळतो. यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी 'लीगल एड डिफेन्स काउन्सेल' म्हणून वकिलांचं वेगळं कार्यालय असतं. हे पूर्णवेळ पगारी वकील, खासगी केसेस घेत नाहीत, फक्त आरोपींचं काम बघतात. माझ्या मते गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात झालेलं हे सगळ्यांत चांगलं काम. माणूस रोज कोर्टातच असल्यामुळं तारखेला गैरहजर राहायचा प्रश्न फारसा येत नाही.

तुम्ही एक रोज बुडवून जिल्हा प्राधिकरणात जा. बरोबर गुन्ह्याचा नंबर, पोलीस स्टेशनचं नाव, अटकेची तारीख आणि पोराचं पूर्ण नाव लिहिलेली चिठ्ठी न्या. एफआयआरची प्रत नसली तरी चालेल, ती वकील काढतील. तुम्हाला जाता आलं नाही तर पोरालाही आतून अर्ज करता येतो. जेलमध्ये कायदा सहाय्य केंद्र असतं, मुलाखतीला जाल तेव्हा त्याला सांगा की जेलरसाहेबांकडं 'लीगल एडचा अर्ज' माग. दोन्हीकडून अर्ज गेला तरी बिघडत नाही.

एक तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवा : कोर्टानं त्याला पहिल्यांदा कोठडी दिली तो दिवस. अटकेचा नव्हे, कोठडीचा. त्या दिवसापासून गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ६० किंवा ९० दिवसांत पोलिसांनी चार्जशीट दिलं नाही, तर जामीन हा त्याचा हक्क होतो. पण तो मागावा लागतो, आणि चार्जशीट यायच्या आत मागावा लागतो. एकसष्टाव्या किंवा एक्याण्णवाव्या दिवशी सकाळी अर्ज तयार हवा. तुमच्या वकिलाला हे ठाऊक असणारच, तरी तुम्ही दोन दिवस आधी आठवण करा. त्याच्या टेबलावर तुमच्यासारख्या खूप फायली असतात.

कन्नड कागदाचं वकिलाला मुद्दाम सांगा. अटकेची कारणं आरोपीला लेखी आणि त्याला समजेल अशा भाषेत द्यायला हवीत, असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. पोरगा मराठी शाळेत शिकला असेल तर त्याचा शाळेचा दाखला फायलीला लावा. पुढं साक्षी सुरू झाल्या आणि त्याला साक्षीची भाषा समजत नसेल, तर भर कोर्टात ती त्याच्या भाषेत सांगायला लावता येते. न समजता मान हलवू नकोस, हे त्याला मुलाखतीतच बजावा. आमची पोरं न्यायाधीशांपुढं उभी राहिली की सगळ्याला 'हौदु', म्हणजे 'होय', म्हणतात.

जामीन मंजूर झाला आणि जामीनदार मिळेना म्हणून पोरगा आतच राहिला, तर तेही प्राधिकरणाला कळवा. सात दिवस उलटले तर जेलनंच त्यांना कळवायचं असतं, पण तुमची आठवण आधी पोचलेली बरी.

प्रश्न : लोकअदालतीत तडजोड करा म्हणून मागं लागलेत. नंतर पटलं नाही तर अपील करता येईल का?

उत्तर : नाही. लोकअदालतीचा निवाडा शेवटचा, त्यावर अपील नाही. फायदा असा की भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्याच दिवशी विषय संपतो. म्हणून सही करायच्या आधी मजकूर कुणाकडून तरी मराठीत मोठ्यानं वाचून घ्या, रक्कम आणि हप्त्यांच्या तारखा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. त्या दिवशी गर्दी असते, घाई करतात. तुम्ही करू नका. नाही पटलं तर दावा होता तिथंच पुढं चालतो, तुमचं काही जात नाही.

प्रश्न : आम्ही भालकीचे. तुम्ही सारखं धारवाड-धारवाड लिहिता. आमचं काय?

उत्तर : तुमचं कलबुर्गी. बीदर जिल्ह्याची हायकोर्टाची कामं कलबुर्गीच्या खंडपीठात जातात, आणि तिथंही हायकोर्टाची स्वतंत्र कायदा सेवा समिती आहे. बेळगाव आणि कारवारवाल्यांचं धारवाड. बाकी वर लिहिलेलं सगळं तुम्हालाही लागू. कुठल्या ऑफिसात जावं हेच कळत नसेल तर १५१०० ला फोन करा, पैसे पडत नाहीत.

जाता जाता एक विनंती. पत्राबरोबर कागदांच्या झेरॉक्स पाठवा, अस्सल कागद नको. या वेळी हुक्केरी तालुक्यातल्या एका वाचकांनी मूळ नोंदणीकृत खरेदीपत्रच साध्या टपालानं पाठवलंय, आणि पाकिटावर पत्ता नाही. ते संपादकांच्या कपाटात कुलपात ठेवलंय. ज्यांचं असेल त्यांनी आधार आणि गावच्या शेताची पहाणी (सातबाऱ्यासारखा उतारा) घेऊन यावं आणि घेऊन जावं.